विहिरीची पाळी आणि कलम 89

मध्यस्थीचं प्रशिक्षण घेऊन परतले त्या आठवड्यात बार रूममध्ये आमच्या एका ज्येष्ठांनी चहा पिता पिता विचारलं, "चाळीस तासांत काय शिकवलं गं? तडजोड? ती तर आमच्या गावचा पाटीलसुद्धा करायचा." सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर चहा संपेपर्यंत देऊन होणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. कामं बहुतेक दिवाणी: वाटप, मनाई, रस्ता, विहीर, बांध. जोडीला चेकच्या केसेस आणि पोटगी. कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणूनही बसते. खाली ज्या प्रकरणांबद्दल लिहिलंय त्यांतली नाती, पिकं, आकडे बदलले आहेत. मध्यस्थीच्या खोलीत बोललेलं बाहेर न्यायचं नसतं, कोर्टालासुद्धा सांगायचं नसतं. मध्यस्थाचा अहवाल दोन शब्दांचा असतो, तडजोड झाली किंवा नाही झाली. का नाही झाली, कोण अडून बसलं, हे लिहायला बंदी आहे.

आता विहीर.

दोन चुलतभाऊ. विहीर एकाच्या गटात, दुसऱ्याचा निम्मा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदलेला. हिस्सेदाराने निरंतर मनाईचा दावा लावला होता, की प्रतिवादी पाणी घेऊ देत नाही. दाव्याच्या कागदात नेहमीचं वाक्य होतंच: प्रतिवादी हा आडदांड, भांडखोर व पैशाने मातब्बर इसम असून वादी हा गरीब व कायद्यास मानणारा आहे. (आमच्या तालुक्यातले निम्मे लोक या वाक्यानुसार आडदांड आहेत आणि उरलेले गरीब. पुढच्या दाव्यात ते जागा बदलतात.) जबाबदाव्यात प्रतिवादीने हिस्सा मान्य केलेला. तात्पुरत्या मनाईचा अर्ज झाला, जैसे थे हुकूम झाला, कोर्ट कमिशनर जाऊन आला. त्याने नकाशा काढला, त्यात विहीर, मोटार, पाईपलाईन, दोन नारळाची झाडं, सगळं आलं. सहा वर्षं झाली होती.

म्हणजे हिस्सा कुणी नाकारत नव्हतं. मग भांडण कशाचं?

पहिल्या बैठकीत तासभर आजोबांच्या वाटणीपासून सगळं निघालं. ते निघू द्यायचं असतं. मग मी विचारलं, "पाणी धरायला कोण जातं आणि कधी जातं?" हिस्सेदाराच्या बायकोने उत्तर दिलं. ती तोवर गप्प बसून होती. म्हणाली, "कधी म्हंजे? आमच्या पाळीला लाईट कायम रातचीच. ह्यांचं वय बघा आन् रातच्याला उसात जायाचं बघा."

पाळी सोमवार ते रविवार, एक आठवडा याचा, एक त्याचा. वडिलांच्या काळापासून चालत आलेली. त्या वेळी शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढचा आठवडा रात्री दहा तास थ्री-फेज मिळायची. तो बदलही सोमवारीच व्हायचा. दोन्ही चाकं बरोबर एकमेकांत बसली होती. एका भावाला वर्षानुवर्षं दिवसाची वीज आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं रात्रीची. पाळी ठरली तेव्हा असं वेळापत्रक नव्हतंच. नंतर आलं, आणि पाळी कुणी हलवली नाही. ज्याला रात्र आली त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत, त्यामुळे बॅटरी आणि काठी घेऊन साठीतला माणूस बांधावर. तो दिवसा मोटार चालू करायला जायचा, समोरचा स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावायचा, आणि त्या कुलपाचा झाला दावा.

मी दाव्याच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन आठवड्यांचे रकाने आखले. पाळी गुरुवारी बदलली तर? मग प्रत्येकाला थोडी दिवसाची, थोडी रात्रीची. एकाला चार दिवस उजेडातले आणि तीन रात्री, दुसऱ्याला तीन दिवस आणि चार रात्री. त्या एका दिवसावरून पाऊण तास घासाघीस झाली. अखेर ठरलं की पाडव्याला आणि दसऱ्याला अदलाबदल करायची. मोटार जळाली तर रिवायंडिंगचा खर्च निम्मा-निम्मा, पेटीच्या दोन किल्ल्या, फीडरचं वेळापत्रक बदललं तर महिन्याच्या आत दोघांनी बसून पाळी नव्याने लावायची. दोघांच्या वकिलांनी वाचलं, सह्या झाल्या, प्रकरण कोर्टाकडे परत गेलं आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या तडजोडीच्या आदेश 23 नियम 3 खाली हुकूमनामा निघाला. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सगळ्या पुढच्या पायऱ्या तिथेच मिटल्या.

यात न्यायाधीशांचा काही दोष नव्हता. दाव्यात मागितलेलंच कोर्ट देऊ शकतं आणि दाव्यात गुरुवार कुणी मागितलाच नव्हता. पुरावा झाला असता, निकाल लागला असता, वादीचा निम्मा हिस्सा शाबीत झाला असता आणि त्याने हुकूमनामा घेऊन पुन्हा रात्रीच पाणी धरलं असतं.

आमच्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पाटलाने त्यांना दटावून मिटवलं असतं. चाळीस तासांत मला काय शिकवलं, तर तो "कोण जातं, कधी जातं" हा प्रश्न. वकिलाला ज्याचं उत्तर आधीच ठाऊक नाही असा प्रश्न विचारायचा नसतो, उलटतपासात तर मुळीच नाही. वीस-पंचवीस वर्षं ही सवय हाडात भिनलेली असते. प्रशिक्षणात ती मोडायला लावतात, आणि मोडताना दुखतं.

कोर्टाच्या मध्यस्थीसाठी चाळीस तासांचं हे प्रशिक्षण देशभर ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये मध्यस्थी आणि समेट प्रकल्प समिती नेमली, तिने हा साचा घालून दिला. साधारण पाच दिवस. भाषणं थोडी, सराव जास्त. आमच्या तुकडीत वकील होते तसे न्यायाधीशही होते, आणि त्यांना पक्षकाराची भूमिका करायला लावली होती. एक दिवाणी न्यायाधीश नवऱ्यावर नाराज असलेल्या बायकोच्या भूमिकेत आणि समोर मध्यस्थ म्हणून एक ज्युनिअर वकील. ज्युनिअर घाबरून दर वाक्याला "सर" म्हणत होता. दहा मिनिटांनी साहेब चिडले, "अरे, मी बोलतोय ते ऐक ना! मला मध्येच तोडगा काय सांगतोस?" आणि मग स्वतःच थांबले. चहाच्या सुट्टीत मला म्हणाले, "मॅडम, रोज बोर्डावर लोक उभे असतात, मी त्यांना अर्धं वाक्य झालं की थांबवतो. दुसरा उपाय नाही, बोर्ड संपवायचा असतो. पण ते कसं वाटतं हे आज कळलं." (बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी.) न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाबद्दल बरंच काही लिहिलं-बोललं जातं, त्यात या खुर्च्या बदलण्याचा उल्लेख मला फारसा सापडत नाही.

तक्रारही एक आहे. आम्हाला दिलेले सराव इंग्रजीत होते आणि त्यांतली भांडणं सॉफ्टवेअर कंपनी आणि तिचा पुरवठादार, फ्लॅटचा मालक आणि भाडेकरू अशी. तालुक्यातली माणसं ती भूमिका वाचून दाखवायची, करायची नाहीत. मग दुसऱ्या दिवशी मी आणि तुकडीतल्या आणखी एकीने रात्री बसून मराठीत एक सराव लिहिला. ट्रॅक्टरमालकाने ऊसतोड मुकादमाला उचल दिली, मुकादमाने कोरा चेक दिला, हंगामात टोळी आली ती निम्मीच, चेक बाऊन्स, कलम 138 ची केस, वर फसवणुकीची फिर्याद. मुकादम म्हणतो, मीच पुढे मजुरांना पैसे वाटून बसलोय, ते दुसऱ्याच्या टोळीत गेले. मालकावर बँकेचा हप्ता आहे आणि साखर कारखान्याशी करार आहे. वर्गाचा नूरच पालटला. लोक इतके शिरले भूमिकेत की एका वकिलाने खोट्या मुकादमाला खरंच शिवी दिली. असे सराव जिल्ह्याजिल्ह्यात लिहून ठेवायला हवेत. कोकणात आंब्याच्या बागेचा खंड, मराठवाड्यात शेतरस्ता, मुंबईत पागडी.

कायद्याबद्दल थोडं सांगते, वकील नसणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 89 नव्या रूपात आलं ते 1999 च्या दुरुस्तीने, लागू झालं 1 जुलै 2002 पासून. त्यात चार वाटा: लवाद, समेट, लोकअदालतीसह न्यायिक तडजोड आणि मध्यस्थी. गंमत अशी की मसुदा लिहिणाऱ्याने न्यायिक तडजोड आणि मध्यस्थी यांच्या व्याख्या एकमेकींच्या जागी घातल्या. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अफकॉन्स प्रकरणातल्या निकालात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी ही उलटापालट दाखवून दिली, हे कलम म्हणजे सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशाला पडलेलं दुःस्वप्न आहे असं म्हटलं आणि व्याख्या अदलून वाचायला सांगितल्या. त्याच निकालात कोणती प्रकरणं पाठवायची आणि कोणती नाही याची यादी आहे. व्यापार, कुटुंब, शेजार, भागीदारी, ग्राहक यांची पाठवावीत. निवडणुकीचे वाद, अनेकांच्या वतीने लावलेले प्रातिनिधिक दावे, गंभीर फसवणूक आणि बनावट दस्ताचे आरोप, अल्पवयीन मुलांचा किंवा देवस्थानाचा हक्क जपण्याची प्रकरणं पाठवू नयेत.

ही यादी वाचायला दहा मिनिटं लागतात, वापरायला शिकावं लागतं. माझ्या मते मध्यस्थी जमते की फसते ते निम्मं तर मध्यस्थाच्या खोलीत प्रकरण येण्याआधीच ठरलेलं असतं, पाठवणाऱ्या न्यायाधीशाच्या टेबलावर. एक न्यायाधीश पक्षकारांना पुढे बोलावून तीन मिनिटं सांगतात, की तुम्ही ज्याच्याविरुद्ध आलात तो तुमचाच शेजारी आहे, निकाल काहीही लागो तो शेजारीच राहणार, एकदा बसून बघा, नाही जमलं तर परत या, तुमच्या केसला काही धोका नाही. असे लोक खोलीत येतात तेव्हा निदान बसायला तयार असतात. दुसरीकडे रोजनाम्यात नुसती ओळ असते, "मध्यस्थीकडे पाठविण्यात येते, पुढील तारीख अमुक". ते पक्षकार येतात आणि विचारतात, "मॅडम, इथं हजेरी कुठं लावायची?"

2025 मध्ये 1 जुलै ते 30 सप्टेंबर अशी नव्वद दिवसांची 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' मोहीम झाली. हेतू उत्तम होता, तालुक्यापासून हायकोर्टापर्यंत सगळे सामील होते, बऱ्याच पक्षकारांना मध्यस्थी हा शब्दच तेव्हा पहिल्यांदा कळला. पण फायली गठ्ठ्याने आल्या. एका फाईलमध्ये प्रतिवादी मयत, वारस अजून रेकॉर्डवर नाहीत. मी मध्यस्थी कुणाशी करू? दुसऱ्या एका फाईलमध्ये मृत्युपत्र बनावट असल्याचा आरोप, म्हणजे अफकॉन्सच्या यादीत नको म्हटलेलं अगदी तेच.

भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. नवे दिवाणी न्यायाधीश नेमणुकीनंतर तिथे प्रशिक्षणाला जातात. पुराव्याचा कायदा, निकाल लिहिणं, रोजनामा, कोर्टाचं प्रशासन, सगळं असतं. त्या संस्थेच्या पूर्ण नावातच भारतीय मध्यस्थी केंद्र आणि प्रशिक्षण संस्था हेही शब्द आहेत, म्हणजे हे दोन्ही विषय एका छपराखाली असावेत असं कुणाला तरी सुचलं होतं. माझी मागणी छोटी आहे. निकाल कसा लिहावा हे जितकं घोटवून घेतात, त्याच्या चौथाई वेळ तरी प्रकरण कसं पाठवावं यावर द्या. प्रत्येक नव्या न्यायाधीशाला निदान दोन खऱ्या मध्यस्थींत, पक्षकारांच्या परवानगीने, कोपऱ्यात गप्प बसवा. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं तुंबली आहेत, त्यांतली पन्नास लाखांवर एकट्या महाराष्ट्रातली. एवढा ढीग बघून कुणालाही वाटेल की शिकायला वेळ कुठाय. मला तर त्या ढिगामुळेच वाटतं की शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

मध्यस्थाला तरी किती शिकावं लागतं! निव्वळ ऐकून चालत नाही, तलाठ्याचं दप्तर कळावं लागतं. एका प्रकरणात दोन शेतकरी वीस वर्षं एकमेकांची जमीन कसत होते. सातबारा याच्या नावावर, नांगर त्याचा, आणि उलट. पूर्वी कधी बिनकागदाची अदलाबदल झालेली. मिटवायला दोघेही तयार, पण अदलाबदलीच्या दस्ताचं मुद्रांक शुल्क ऐकून दोघेही परत भांडायला तयार. 2023 च्या जानेवारीत शासनाने सलोखा योजना आणली, त्यात बारा वर्षांपेक्षा जास्त असा एकमेकांचा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. ही योजना दोघांच्याही वकिलांना माहीत नव्हती. खोलीत योजनेचा शासन निर्णय काढून ठेवला आणि उरलेलं काम पंधरा मिनिटांत झालं.

आता लोकअदालत. तिच्याबद्दल बोललं की आमच्याकडे काहींना राग येतो. पहिली लोकअदालत गुजरातेत तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे 14 मार्च 1982 ला भरली. नंतर 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला, 1995 पासून लागू झाला, आणि लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ मिळालं. कोर्ट फी परत मिळते, अपील नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत ती खरोखर वरदान आहे. कर्ता माणूस गेलेल्या घराला विमा कंपनीचा पैसा त्याच वर्षात मिळणं आणि सहा वर्षांनी मिळणं यांत मुलांच्या शाळेचा फरक असतो.

पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात "एका दिवसात इतकी लाख प्रकरणे निकाली" अशी बातमी येते तेव्हा मी त्यात वाहतुकीचे ई-चलन किती, ग्रामपंचायतीची घरपट्टी किती, वीजबिलाची आणि बँकेची दाखलपूर्व प्रकरणं किती हे शोधते. तेही सुटायला हवंच, माझा आक्षेप नाही. मात्र लोकअदालतीच्या पॅनेलसमोर दिवसभरात गठ्ठाभर फायली असतात, आणि विहिरीच्या पाळीचं प्रकरण त्या गठ्ठ्यात गेलं तर त्याला वाटेला किती मिनिटं येणार? पॅनेल म्हणणार, "अहो, निम्मं-निम्मं करा, सही करा." निम्मं-निम्मं तर आधीपासूनच होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये जालौर सिंगच्या निकालात स्पष्ट सांगितलंय की लोकअदालतीला वाद ठरवण्याचा, निवाडा लादण्याचा अधिकार नाही, पक्षकारांचं एकमत झालं तरच निवाडा.

आणि कोर्टाबाहेर, गावातच मिटवण्याची तालीम तर आपल्याकडे आधीच झालेली. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. आबा गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या, लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षिसं. वेशीवर रंगवलेल्या तंटामुक्त गावाच्या पाट्या अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसतात. आमच्या भागात या समित्यांनी बांधाची, गटारीची, जनावरं शेतात शिरल्याची शेकडो भांडणं कोर्टापर्यंत येऊ दिली नाहीत, हे मी माझ्या धंद्याचं नुकसान सोसून कबूल करते. पण त्याच काळात माझ्याकडे एक बाई आली होती, डोक्याला टाके. तिला तिच्या गावात सांगण्यात आलं होतं की तक्रार मागे घे, गावाचं बक्षीस जाईल. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. तिच्याशी नवऱ्याला आणि सासऱ्याला बाहेर बसवून वेगळं बोलायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कोणतं भांडण मिटवायचंच नसतं, पोलिसांकडे पाठवायचं असतं, हेही नाही.

"गावात मिटवा" याचा आणखी काळा चेहरा म्हणजे जात पंचायती. दंड, वाळीत टाकणं, लग्नाला-मयताला बंदी. त्यासाठी महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तो 3 जुलै 2017 पासून लागू आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातही सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचं पॅनेल, आणि तिथे झालेला समझोता हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही अशी तरतूद. ती शहाणपणाची आहे असं मला वाटतं. (या कायद्याची सगळी कलमं एकदम लागू केली नाहीत, ऑक्टोबर 2023 मध्ये मोजकीच झाली.) गावाच्या दबावाखाली झालेल्या सहीला बेलिफाचं बळ मिळू नये. ज्यांना पूर्वीच्या पंचायतींचं फार प्रेम येतं त्यांना मी एवढंच सांगते की पेशवाईतसुद्धा पंचांसमोर बसण्याआधी वादी-प्रतिवादींकडून राजीनामा (पंचांचा निवाडा मान्य करू अशी लेखी कबुली) लिहून घेत आणि हरलेल्याकडून येजितखत (हरल्याची लेखी कबुली). म्हणजे माणसं ऐकतीलच असा भरवसा तेव्हाही नव्हता.

दबाव नेहमी आरडाओरड करून येतो असंही नाही. वाटपाच्या दाव्यांत तो फार सौम्य आवाजात येतो.

पाच एकर जमीन, वडील वारलेले, आई आहे, दोन भाऊ, दोन बहिणी. भांडण भावाभावांचं. बहिणी प्रतिवादी नंबर तीन आणि चार, नावापुरत्या, आणि त्यांचं वकीलपत्र धाकट्या भावाच्याच वकिलाचं. असे दावे मी इतके पाहिलेत की नंबर तीन-चार वाचलं की समजायचं, ह्या हक्कसोडवाल्या. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत हिस्सा दिला, तो तेव्हा अविवाहित असलेल्यांना. केंद्राने 2005 मध्ये सगळ्यांना दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 साली वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही. कायद्याच्या बाजूने काही बाकी राहिलेलं नाही.

भाऊ पहिल्या बैठकीलाच मिटवून आले होते. अडीच-अडीच एकर, बहिणी हक्कसोडपत्र देणार, आईला आळीपाळीने सांभाळायचं. एक बहीण सही करून मोकळी. दुसरीही "दादा म्हणतील तसं" म्हणाली. मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलते, त्या दिवशीही बोलले. तिला विचारलं, "ताई, कायद्याने तुम्हाला किती येतं माहितीये?"

"माहितीये की. एक एकर." जरा वेळाने म्हणाली, "एकर नको मला. रस्त्याकडेचे दहा गुंठे द्या म्हणावं. पोरीला तिथं दुकान टाकून देते. पण मी कशी म्हणू?"

मध्यस्थाने कुणाची बाजू घ्यायची नसते. पण सही करणाऱ्याला आपण काय सोडतोय हे ठाऊक असलं पाहिजे, हे बघणं बाजू घेणं नव्हे. या एका मुद्द्यावर माझं काही सहकाऱ्यांशी पटत नाही. ते म्हणतात, आपण कशाला उकरून काढायचं, मिटत होतं ना? तिने परवानगी दिली तेव्हा मी दहा गुंठ्यांचा विषय भावांपुढे ठेवला. रस्त्याकडेची जमीन म्हणजे उद्याचे प्लॉट. थोरला एकदम गप्प झाला आणि धाकटा म्हणाला, "अक्का, तुला माहेर ठेवायचंय ना?" तिने हक्कसोडपत्रावर सही केली नाही. आणखी दोन बैठका झाल्या. पाच गुंठे आतल्या बाजूला, मग रोख रक्कम, मग पुन्हा काहीच नाही. मी अहवाल दिला, तडजोड झाली नाही. प्रकरण कोर्टात परत गेलं. तिने नंतर स्वतंत्र वकील दिला, हिस्सा मागितला, आता पुरावा सुरू व्हायचाय.

महिन्याच्या तक्त्यात हे प्रकरण अयशस्वीच्या रकान्यात गेलं. पुढच्या आढावा बैठकीत मी म्हटलं, अशा प्रकरणांसाठी निदान शेरा लिहायला एक रकाना ठेवा, की पक्षकाराला स्वतःचा हिस्सा माहीत असल्याची खात्री केली. गुप्तता मोडत नाही, नाव-गाव काही लागत नाही. लिपिकाने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, वर पाठवायचा नमुना ठरलेला आहे. त्यात दोनच रकाने बसतात."